राजाचा गळ आणि भोयाचें ज्ञान

गेल्या हिंवाळ्यांत एका रविवारीं, सूर्य नुकताच वर येत असतां, मी हिप्परग्याच्या तलावाकाठीं फिरावयास गेलों होतों. सोलापूराहून तुळजापूरच्या रस्त्यानें जाणारांस हा तलाव नवा नाहीं. सरकारी दप्तरांत त्याचें नांव एकरूख तलाव असें आहे. आदिला नदीला सुमारें दोन किलोमीटर लांबीचा मातीचा बांध घालून तो १८७१ सालीं पुरा करण्यांत आला, आणि त्या काळच्या मुंबई इलाख्यांतील फार मोठ्या कृत्रिम जलाशयांत त्याची गणना होत असे. त्या सकाळीं बांधाच्या एका अंगास सहा तरुण हातांत गळाच्या काठ्या घेऊन, एकमेकांपासून वीस-वीस पावलांवर, अगदीं निश्चल बसलेले मला दिसले. कोणी बोलत नव्हतें. पाण्यावर ठेविलेली दृष्टि कोणी हलवीत नव्हतें. शाळेच्या परीक्षेंतही इतकी शांतता मीं पाहिलेली नाहीं.

चौकशी करतां कळलें कीं, ही परीक्षाच होती. तलावाचा ठेका ज्यांच्याकडे होता त्यांची परवानगी काढून या तरुणांनीं आपसांत सामना लाविला होता. बसण्याच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरविल्या होत्या. कारण पाण्याची प्रत्येक जागा सारखी नसते, आणि चांगली जागा पटकावणें हें कौशल्य नव्हे, दैव होय. सकाळीं सातास प्रारंभ, अकरास शेवट. धरलेला मासा मारावयाचा नाहीं. काठाशीं पाण्यांत सोडलेल्या जाळीच्या पिशवींत तो जिवंत ठेवावयाचा, आणि वेळ संपली कीं ताणकाट्यावर एकंदर वजन करून सारे मासे पुन्हा तळ्यांत सोडून द्यावयाचे. ज्याचें वजन कमी भरेल त्यानें सर्वांस फराळ द्यावयाचा, एवढाच काय तो पण.

अकरा वाजले तेव्हां जिंकला तो ज्याच्या गळास मोठा मासा लागला होता तो नव्हे. लहान लहान मासे चिकाटीनें काढीत राहिलेला एक अबोल मुलगा जिंकला. परंतु मला आज सांगावयाची आहे ती गोष्ट याच्या पुढची. एका तरुणाच्या पिशवींत लांब मिशांचा, अंगावर खवलें नसलेला एक मासा होता. हा कोणता, असा प्रश्न निघाला. कोणी ‘कॅटफिश’ म्हणाला, कोणी खिशांतील फोन काढून त्यांत शोधूं लागला. मी स्वतः चार बुकें शिकलेला, परंतु माझ्या जवळ ‘मासा’ यापलीकडे शब्द नव्हता. जवळच एक वृद्ध भोई जाळें नीट करीत बसले होते. त्यांनीं मान वर न करतां सांगितलें, “शिंगाडा तो. काट्याला हात लावूं नको, बाळा, ठणका लागेल.” मग त्यांनीं तो कोठें राहतो, काय खातो, कोणत्या दिवसांत वर येतो हें सारें सांगितलें. आणि बोलतां बोलतां, आपल्या लहानपणीं या पाण्यांत व भीमेच्या डोहांत जे मासे मिळत आणि आतां दिसत नाहींत, त्यांचीं सात-आठ नांवें त्यांनीं बोटांवर मोजलीं. त्या तरुणांनीं त्यांतलें एकही ऐकलेलें नव्हतें. मीं दोन ऐकलीं होतीं. घरीं येऊन तीं सर्व नांवें लिहूं म्हटलें, तों चारच आठवलीं.

त्या दिवसापासून एक जुना राजा माझ्या मनांत घर करून आहे, आणि आजचें हें भाषण त्याच्याविषयीं आहे.

गळानें मासे धरण्याचा सामना म्हटला कीं आपणांस वाटतें, ही साहेबांची चाल. कांहीं अंशीं तें खरें आहे. चिठ्ठ्यांनीं ठरलेल्या जागा, शिट्टीनें होणारा आरंभ आणि शेवटीं वजन, या स्वरूपाच्या सामन्यांची घडण इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत झाली. आणि ती सरदार-दरकदारांनीं नव्हे, तर शेफील्ड, बर्मिंगहॅम यांसारख्या शहरांतील कारखान्यांच्या कामगारांनीं केली. सहा दिवस यंत्रापाशीं उभें राहून सातव्या दिवशीं त्यांना नदीकांठची शांतता हवी असे. १९०३ सालीं त्यांच्या मंडळांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि १९०६ पासून राष्ट्रीय सामने सुरू झाले. १८७७ च्या सुमारास ज्या आपल्या गांवीं पहिल्या कापड गिरणीचा भोंगा वाजूं लागला, त्या सोलापूरकरांस या कामगारांचें मन समजावयास कठीण जाऊं नये. आपल्याकडेही मुंबईस पवईच्या तलावाकाठीं गळाच्या शोकिनांची संस्था अनेक दशकें नांदत आली आहे.

परंतु खेळाचे नियम निराळे आणि खेळाची विद्या निराळी. गळानें मासे धरण्याची विद्या इंग्रजींत पुस्तकरूपानें छापली गेली ती १४९६ सालीं, आणि त्या वाङ्मयाचा मुकुटमणि म्हणून गणला जाणारा आयझाक वॉल्टन याचा ग्रंथ १६५३ मध्यें निघाला. आतां मी जो ग्रंथ आपणांपुढें ठेवणार आहें, तो यांपैकीं पहिल्याहून साडेतीनशें वर्षांहून अधिक जुना आहे. आणि तो जेथें झाला तें ठिकाण सोलापूराहून पूर्वेस शंभर-सव्वाशें किलोमीटरांवर आहे.

तें ठिकाण म्हणजे कल्याणी. आजच्या कर्नाटकांतील बीदर जिल्ह्याचें बसवकल्याण. तेथें चालुक्यांचें राज्य असतां आपला हा सोलापूरचा मुलूख त्याच राज्यांत मोडत असे. त्या घराण्यांतील सहावा विक्रमादित्य हा मोठा पराक्रमी राजा. १०७६ पासून पन्नास वर्षें त्यानें राज्य केलें. त्याच्या पदरीं काश्मीराहून आलेला बिल्हण कवि होता, आणि हिंदु दायभागाच्या कायद्यांत आजपर्यंत जिचें नांव घेतलें जातें ती ‘मिताक्षरा’ टीका लिहिणारा विज्ञानेश्वर याच राजधानींत राहत असे. अशा बापाच्या पोटीं तिसरा सोमेश्वर जन्मास आला. ११२६ च्या सुमारास तो गादीवर बसला आणि ११३८ पर्यंत त्यानें राज्य केलें. बापाची तलवार त्याला पेलली असें इतिहास म्हणत नाहीं. पण त्याचें कुतूहल मात्र अफाट होतें. त्यास ‘सर्वज्ञ’ असें बिरुद मिळालें. बिरुदें देणारे भाट उदार असतातच. तरी या एका राजाच्या बाबतींत त्यांनीं फारशी अतिशयोक्ति केली असें म्हणवत नाहीं.

या राजानें ११२९ ते ११३१ च्या सुमारास ‘अभिलषितार्थचिन्तामणि’ अथवा ‘मानसोल्लास’ नांवाचा एक संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याचे पांच भाग असून प्रत्येकांत वीस वीस अध्याय आहेत. राज्य कसें मिळवावें, कसें टिकवावें, घर कसें बांधावें, चित्र कसें काढावें, हत्ती कसे धरावे, स्नान कसें करावें, काय खावें, काय ल्यावें, असा एकही विषय नाहीं कीं ज्यावर राजानें दृष्टि टाकलेली नाहीं. त्याच्या भोजनाच्या प्रकरणांत वडे, मांडे, इडलीचे व डोशाचे पूर्वज आपणांस भेटतात. गीताच्या प्रकरणांत महाराष्ट्रांतील बायका कांडतांना ओवी म्हणतात असा उल्लेख आहे. आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना तो सोन्याहून प्रिय झालेला आहे. ग्रंथाच्या चौथ्या भागांत राजाचे वीस विनोद, म्हणजे मन रमविण्याचे प्रकार, सांगितलेले आहेत: शस्त्रें, शास्त्रें, हत्ती, घोडे, मल्ल, कोंबडे, मेंढे, कबुतरें, कुत्रे, ससाणे इत्यादि. त्यांतच एक मत्स्यविनोद आहे.

राजानें माशांशीं खेळावें यांत विशेष तें काय, असें कोणी म्हणेल. विशेष असें कीं, मत्स्यविनोद हा केवळ करमणुकीचा वर्णनपाठ नव्हे. त्यांत सुमारें पस्तीस जातींचे मासे सांगितले आहेत. समुद्रांतले कोणते व नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, मोठे, मध्यम व लहान कोणते, अशी त्यांची वर्गवारी आहे. रंग, आकार व अंगलट यांची टिपणें आहेत. कोणता मासा पिठाच्या व अन्नाच्या गोळ्याकडे येतो आणि कोणता मांसाकडे धांवतो, कोणत्या ठिकाणीं कोणास खाऊं घालावें, हें सांगितलें आहे. दोरी कोणत्या वनस्पतीच्या वाखाची वळावी, काठी कशी असावी, गळ कसा असावा, हेंही आहे. आणि मग गळ टाकून मासा काढण्याची रीत आहे.

त्यांत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गळ टाकण्यापूर्वीं पाण्याच्या ठराविक जागीं माशांस खाऊं घालून त्यांना त्या जागेची संवय लावावी, हें तत्त्व राजा जाणतो. आज जगांत कोठेंही गळाचा सामना पाहा. सामनेवाला पहिल्या घटकेंत काय करतो? आपल्या जागेसमोर पिठाचे गोळे मोजून, एकाच ठिकाणीं पडतील अशा बेतानें फेकतो. फार टाकले तर मासा पोट भरून गळाकडे पाठ फिरवितो. थोडे टाकले तर शेजाऱ्याकडे जातो. हिप्परग्याचा तो अबोल मुलगा याच मापानें जिंकला. कल्याणीच्या राजाच्या पुस्तकांतील धडा तो न वाचतां गिरवीत होता.

आतां क्षणभर त्या राजाचा मत्स्यविनोदाचा दिवस डोळ्यांपुढें आणा. छत्रचामरें दूर ठेविलेलीं आहेत. कारण पाण्यावर सांवली हलली कीं मासा बुजतो. वाद्यें बंद आहेत. ज्याच्या एका हुंकारानें सामंत थरथरत, तो पुरुष कांठावर श्वास आवरून बसला आहे, आणि पाण्याखालचा एक जीव त्याची आज्ञा मानीत नाहीं. हत्ती माहुताच्या अंकुशास भितो, मल्ल बक्षिसासाठीं लढतो. मासा मात्र राजा व रंक ओळखीत नाहीं. मासा लागला तरी बळ कामास येत नाहीं. दोरी ताणली तर तुटते, सैल सोडली तर मासा गळ झटकतो. ओढावें व सोडावें, सोडावें व ओढावें, असें करीत त्यास दमवावें लागतें. हा प्रसंग मीं ग्रंथांतून उचललेला नाहीं, कल्पनेनें रंगविला आहे; परंतु ज्यानें गळ हातीं धरला आहे त्यास ही कल्पना खोटी वाटणार नाहीं. राजांच्या खेळांत राजास नम्र करणारा असा खेळ दुसरा कोणता असेल?

येथें खरा प्रश्न उपस्थित होतो. राजाला हें शिकविलें कोणी?

ग्रंथांतील माशांचीं नांवें पाहिलीं म्हणजे उत्तराची दिशा दिसते. रोहित, पाठीन यांसारखीं कांहीं नांवें जुन्या संस्कृत कोशांतून ओळखीचीं आहेत. परंतु त्यांच्या शेजारीं अशीं कितीएक नांवें बसलेलीं आहेत कीं, त्यांचा थांग संस्कृत कोशांत लागत नाहीं. तीं देशी वळणाचीं आहेत. कांठावरच्या लोकांच्या तोंडून उचललेलीं आहेत. पंडितास तीं ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, आणि राजास तीं आकाशांतून मिळालीं नाहींत. पस्तीस जातींचे मासे, त्यांचें खाणें, त्यांचें राहणें हें ज्ञान एका मनुष्याच्या एका आयुष्यांतील हौसेनें जमत नाहीं. तें पिढ्यान्‌पिढ्या पाण्यांत उभे राहिलेल्या लोकांचें ज्ञान आहे. तात्पर्य, या प्रकरणाचे कर्ते दोन आहेत: एक श्लोक रचणारा राजा, आणि दुसरा त्यास माहिती देणारा धीवर. पहिल्याचें नांव नऊशें वर्षें राहिलें. दुसऱ्याचें नांव त्याच्या हयातींतही कोणी लिहिलें नसेल.

यावर कोणी असें म्हणेल कीं, हें राजाच्या लौकिकास उणें आणणारें आहे. मला तसें वाटत नाहीं. आपल्या देशांत विद्या पुष्कळ होती. पण हातानें काम करणाराची विद्या आणि तोंडानें शास्त्र सांगणाराची विद्या यांची गांठ क्वचित् पडे. सोमेश्वरानें ती गांठ घालून दिली. सिंहासनावरून खालीं उतरून त्यानें धीवरास विचारलें आणि त्यानें सांगितलें तें लिहिण्याजोगें मानलें, हाच त्याचा खरा ‘सर्वज्ञ’पणा.

पुढें या ग्रंथाचें काय झालें? कल्याणीचें राज्य बुडालें, आणि पोथ्या निरनिराळ्या भांडारांत जाऊन पडल्या. विसाव्या शतकांत बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्री. गजानन श्रीगोंदेकर यांनीं त्याचें संपादन हातीं घेतलें. पहिला खंड १९२५ मध्यें, दुसरा १९३९ मध्यें आणि तिसरा १९६१ मध्यें प्रसिद्ध झाला. मत्स्यविनोदाकडे लक्ष वेधलें तें एका संस्कृत पंडितानें नव्हे, तर मत्स्यशास्त्रज्ञानें. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ च्या सुमारास या प्रकरणावर निबंध लिहिला आणि राजाचा कोणता मासा आजचा कोणता, हें जुळवून पाहण्याचा यत्न केला. कांहीं जुळले, कांहीं जुळले नाहींत.

न जुळण्याचें कारण उघड आहे. उदाहरणार्थ, आज आपण ज्यास रोहू म्हणतों तो मूळचा गंगा, सिंधू, ब्रह्मपुत्रा यांच्या पाण्यांतला; दख्खनच्या तलावांत तो पुढें माणसानें आणून सोडला. मग राजाचा रोहित कोणता? उत्तरेकडील पुस्तकी नांव त्यानें आपल्या नद्यांतील एखाद्या तत्सम माशास लाविलें असावें, हा एक तर्क. परंतु तर्क हा तर्कच. त्या काळच्या धीवराचा शब्द जर कोणी जसाच्या तसा, माशाच्या वर्णनासह, टिपून ठेविला असता, तर तर्काची गरज उरली नसती.

असा शब्द टिपण्याचा दुसरा मोठा प्रसंग आपल्या मुलुखांत आला तो सातशें वर्षांनीं, आणि तोही परकीयाच्या हातून. कर्नल सायक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर होता. मुळा-मुठा, इंद्रायणी व भीमा या नद्यांचें पाणी त्यानें धुंडाळलें आणि १८३८ ते १८४१ च्या दरम्यान दख्खनच्या माशांवरील आपलें लेखन लंडन येथें प्रसिद्ध केलें. सायक्सनें एक शहाणपण केलें. नव्या माशांना लॅटिन नांवें देतांना त्यानें कांठावरच्या लोकांचे शब्दच त्यांत बसविले. म्हणून आजही जगांतील कोणत्याही प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत दख्खनच्या महाशीर माशापुढें ‘खुदरी’ असा शब्द लिहावा लागतो, आणि दोन डोळ्यांच्या मध्यें शिंगासारखा उंचवटा असलेल्या एका विलक्षण माशापुढें ‘नुक्ता’ असा. हे शब्द लिहिणारा जपानी असो वा जर्मन असो, तो नकळत इंद्रायणीकांठच्या एखाद्या भोयाचा वा कोळ्याचा उच्चार करीत असतो. हा नुक्ता मासा आज नाहींसा होण्याच्या पंथास लागलेल्या जातींत गणला जातो. मासा जाईल तेव्हां त्याचें नांव लॅटिन ग्रंथांत राहील. मराठींत राहील कीं नाहीं, हें सांगवत नाहीं.

आतां आपल्या सोलापूरच्या पाण्याकडे वळूं. सोमेश्वर ज्या शतकांत लिहीत होता, त्याच शतकांत या गांवीं, तेव्हांच्या सोन्नलगींत, सिद्धरामेश्वर झाले. गांवाच्या मध्यभागीं जें सिद्धेश्वराचें तळें आहे, तें त्यांनीं लोकांच्या हातून खणविलें अशी परंपरा सांगते. दरवर्षीं मकरसंक्रांतीस गड्डा भरतो तेव्हां लक्षावधि माणसें त्या पाण्याचें दर्शन घेतात. एका बाजूस राजाचें तळें विनोदासाठीं, दुसऱ्या बाजूस संताचें तळें तहानेसाठीं. एकाच काळीं, एकाच मुलुखांत पाण्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टि होत्या.

त्यानंतर तिसरी दृष्टि आली ती शेतीच्या पाटबंधाऱ्यांची. एकरूख तिची पहिली मोठी खूण. शंभर वर्षांनीं भीमेवर माढें तालुक्यांत उजनीचें धरण बांधण्यांत आलें. तें १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या यशवंतसागराचा एकंदर सांठा सुमारें ११७ अब्ज घनफूट आहे. या पाण्यानें जिल्ह्याचें रूप पालटलें. जेथें ज्वारी होती तेथें ऊस आला. पण जुन्या भीमेचे डोह, कातळ, वाळूचे थर आणि वाहतें पाणी हीं सारीं त्या सागराखालीं गेलीं. पाणी फार ओसरलें कीं पळसदेवचें जुनें देऊळ वर येतें, लोक नांवेनें जाऊन त्याचें दर्शन घेतात आणि हळहळतात. देऊळ पुन्हा वर येतें. डोहांतला मासा मात्र तसा वर येत नाहीं. ज्या जाती वाहत्या पाण्यावर जगतात त्यांस उभें पाणी मानवत नाहीं. त्यांच्या जागीं उभ्या पाण्यांत वाढणारे कटला, रोहू, मृगळ सोडण्यांत आले. आणि १९५२ मध्यें बाहेर देशांतून भारतांत आणलेल्या तिलापियाच्या जातीनें, जीस उजनीकांठचे लोक चिलापी म्हणतात, सर्वत्र आपलें बस्तान बसविलें.

येथें न्याय्य बोललें पाहिजे. चिलापीनें हजारों कुटुंबांच्या चुली पेटविल्या आहेत. भिगवणपासून टेंभुर्णीपर्यंत मासळीचा जो व्यापार चालतो तो बव्हंशीं या नव्या सांठ्यावर उभा आहे. धरणानें ज्यांचे डोह गेले त्यांनाच धरणानें नवा धंदा दिला, हेंही खरें. तेव्हां जुनें तें सारें सोनें आणि नवें तें सारें पितळ, असा विलाप मी करीत नाहीं. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, एक संसार मोडून दुसरा मांडतांना पहिल्या घरांतील भांड्यांची यादी तरी करावी. ती यादी आपण केलेली नाहीं. प्राणिशास्त्रज्ञांनीं आपल्या परीनें माशांची यादी केली आहे. पण ती इंग्रजी-लॅटिनमध्यें. कोणता मासा कोणत्या नक्षत्रावर चढतो, कोणता पुराच्या पहिल्या लाल पाण्यांत सांपडतो, कोणास गांडूळ लागतें आणि कोणास कणकेचा गोळा, हें ज्या मराठींत कांठावर बोललें जात होतें, ती मराठी कागदावर आली नाहीं.

कोणी सात्त्विक श्रोता म्हणेल, “हिंसेच्या विद्येचें एवढें कौतुक कशास?” हा आक्षेप जुना आणि आदरणीय आहे. अशोकानें आपल्या स्तंभलेखांत वर्षांतील ठराविक दिवशीं मासे मारूं अथवा विकूं नयेत असें फर्मान काढलें होतें. पण त्यांतलें मर्म पाहा. कोणते जीव व कोणते दिवस वर्ज्य, हें सांगावयास जीवांची नांवें ठाऊक असावीं लागतात. ज्याचें नांव आपणांस माहीत नाहीं त्यावर दया तरी कशी करणार? रक्षण करूं म्हणणारास आणि धरूं म्हणणारास, दोघांसही पहिला धडा एकच घ्यावा लागतो, आणि तो शिकविणारा गुरु कांठावर जाळें नीट करीत बसलेला आहे.

असो. वेळ संपत आली. त्या रविवारच्या चार तरुणांनीं मागाहून एक काम केलें, तें सांगून पुरें करतों. सामना संपल्यावर मासे सोडून दिले, ताणकाटा पिशवींत गेला, फराळाची तयारी झाली, आणि सहांपैकीं दोघे उठून घरीं गेले. उरलेले चौघे त्या वृद्ध भोयाजवळ जाऊन बसले. मी उठून आलों. तें माझें चुकलें. दोन आठवड्यांनीं पुन्हा गेलों तेव्हां त्यांतील जिंकलेल्या मुलानें मला एक वही दाखविली. तींत बावीस नांवें होतीं. प्रत्येकापुढें आकार, रंग, खाणें, ऋतु आणि ‘आजोबांनीं शेवटचा केव्हां पाहिला’ असा एक रकाना होता. कित्येक नांवांपुढें त्या रकान्यांत ‘धरणापूर्वीं’ एवढाच शब्द होता. माझीं विसरलेलीं नांवेंही तेथें होतीं. मुलगा शेवटच्या पानाकडे बोट दाखवून म्हणाला, “काका, आजोबा म्हणतात अजून आहेत, पण एकदम आठवत नाहींत, तीं घ्यायला पुढच्या रविवारीं येणार आहें.”

राजा सोमेश्वरानें पस्तीस लिहिलीं होतीं. या मुलाच्या वहींत बावीस झालीं आहेत. आपल्या घरीं, आपल्या गांवच्या नदीकांठीं, असा एखादा वृद्ध अद्याप असेल, तर श्रोतेहो, पुढच्या रविवारची वाट पाहूं नका.